पाटावरचा नाग आणि परसातला नाग

आज श्रावण शुद्ध पंचमी. घरोघरी पाट मांडले गेले असतील, त्यांवर गंधाने नागाची आकृती रेखली गेली असेल, लाह्या-दुधाचा नैवेद्य सिद्ध असेल आणि स्वयंपाकघरात पुरणाची दिंडे वाफेवर चढली असतील. आज गृहिणीने विळी मांडावयाची नाही, चुलीवर तवा ठेवावयाचा नाही. शेतकऱ्याने नांगर धरावयाचा नाही, कोणी भुई खणावयाची नाही. लेकीबाळी माहेरी आल्या आहेत, झाडांना झोके लागले आहेत. आपल्या सणांत इतका हळुवार सण दुसरा क्वचितच असेल. ज्याच्या नुसत्या आठवणीने अंगावर काटा येतो, रात्रीच्या वेळी ज्याचे नावही न घेता 'लांबडं' किंवा 'जनावर' असे आडवळणाने म्हणावयाची चाल आहे, त्याला आज आपण भाऊ मानून पूजतो.

या सणाच्या निमित्ताने आमच्याकडे यंदा ज्येष्ठात आलेले एक पत्र वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. पत्र कोकणातील एका भगिनीचे आहे. घर जुने, मागे परसबाग, तिच्या कडेने दगडांचा रचीव गडगा, पलीकडे कलमांची बाग. त्या गडग्याच्या पोटात एक नाग राहतो. वैशाखापासून तो चार वेळा दिसला. एकदा तिन्हीसांजेला विहिरीच्या वाटेवर तो यजमानांच्या पुढ्यात फणा काढून उभा राहिला. सासूबाई म्हणतात, तो वास्तूचा राखणदार आहे, त्याच्या वाटेस जाऊ नका. यजमान म्हणतात, चार गडी बोलावून एकदाचा निकाल लावू. आणि त्या माउलीचा चार वर्षांचा मुलगा दिवसभर खळ्यात खेळत असतो. तिने विचारले आहे: श्रावणात ज्याला हात जोडावयाचे, त्याला ज्येष्ठात काठीने मारावयाचे काय? आणि न मारावे, तर माझ्या मुलाच्या जिवाची हमी कोण देणार?

हे पत्र वाचून आम्ही काही काळ स्वस्थ बसलो. पत्रातील दोन्ही प्रश्न खरे आहेत आणि त्यांपैकी एकाचेच उत्तर देऊन मोकळे होणे हा त्या भगिनीवर अन्याय होय. 'सर्प हा शेतकऱ्याचा मित्र' हे वाक्य शहरातील तिसऱ्या मजल्यावर बसून लिहिणे सोपे आहे. पण २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडलेला आहे. त्यांतील सुमारे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार पावसाळी महिन्यांतले आहेत, बहुतेक खेड्यापाड्यांतले आहेत, आणि चौथ्या हिश्श्याहून अधिक मृत ही पंधरा वर्षांखालील मुले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाची गणना दुर्लक्षित रोगांत केली, ती उगीच नव्हे. तेव्हा त्या माउलीची भीती ही भित्रेपणाची नाही. जो धर्मोपदेश तिच्या भीतीला वाट पुसत नाही, तो तिच्या अंगणापर्यंत पोचावयाचा नाही.

परंतु आपल्या धर्मकथांनी तरी ही भीती कोठे नाकारली आहे? महाभारताच्या आदिपर्वाचे उदाहरण घ्या. परीक्षित राजा तक्षकाच्या दंशाने मेला, हे तेथे लपविलेले नाही. पित्याच्या मृत्यूने पेटलेल्या जनमेजयाने सर्पसत्र आरंभिले, आणि एकामागून एक सर्प त्या अग्नीत येऊन पडू लागले. ते सत्र थांबविले ते आस्तिकाने. हा आस्तिक जरत्कारू ऋषींचा पुत्र; माता नागकुळातली, पिता मनुष्य. दोन्ही कुळांचे रक्त ज्याच्या अंगात, त्यानेच मध्ये उभे राहून तो अग्नी शांत करावा, ही योजना आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. तक्षक निर्दोष होता म्हणून तो वाचला असे कथा म्हणत नाही. विष खरे, दंश खरा, राजाचा मृत्यू खरा, आणि तरीही कुळाच्या कुळाला जाळणे अधर्म, एवढेच तिचे म्हणणे.

कालियाची कथाही अशीच. यमुनेचा डोह विषारी झाला, गाई-वासरे, गोपाळ पाणी पिऊन कोसळले. श्रीकृष्णाने कालियाच्या फण्यांवर नृत्य केले, त्याचा मद उतरविला. पण नागपत्नींची विनवणी ऐकून त्याला ठार मात्र केले नाही. 'येथे गाई आणि माणसे पाणी पितात, तू येथून जा,' असे सांगून समुद्रात रमणक द्वीपाकडे वाट करून दिली. ज्या ठिकाणी दोघांना एकत्र राहता येणे शक्य नाही, तेथून एकाने दूर व्हावे, आणि बळ आपल्याकडे असले तरी ते मारण्यासाठी वापरू नये, हा निवाडा भागवतात आहे. आजच्या कहाणीतील लेक आठवा. तिच्या बापाच्या नांगराखाली नागिणीची पिल्ले सापडली, नागिणीने सूड उगविला, आणि शेवटी ती जेथे थांबली ते पाटावर नाग काढून हात जोडणाऱ्या त्या लेकीच्या दाराशी. खणू नका, नांगरू नका हा आजचा नियम म्हणजे वाचकांना निव्वळ रूढी वाटत असेल, तर एवढेच ध्यानी घ्यावे की उन्हाळ्यात नागिणीने घातलेली अंडी सुमारे दोन महिन्यांनी फुटतात, आणि श्रावणाच्या सुमारास भुईच्या पोटात व पृष्ठावर तिची वीतभर पिल्ले हिंडत असतात.

आता जे आमच्या श्रद्धाळू वाचकांना कदाचित रुचणार नाही, तेही सांगितले पाहिजे. साप दूध पीत नाही. तो मांसाहारी आहे. उंदीर, बेडूक, सरडे, अंडी हे त्याचे अन्न. गारुड्याच्या टोपलीतला नाग दूध पितो असे दिसते, कारण त्याला कित्येक दिवस तहानेने व्याकूळ ठेवलेले असते. ते दूध पुष्कळदा त्याच्या फुफ्फुसात जाते आणि काही दिवसांतच तो मरतो. त्याचे दात उपटलेले असतात, कधी तोंडही शिवलेले असते. दारात आलेल्या त्या जिवावर आपण हळदकुंकू वाहतो, ते त्याच्या नाकपुड्यांत जाते, आणि पुण्य पदरी पडले असे मानून आपण दार लावून घेतो. नैवेद्याचे दूध पाटावरच्या नागाला, मातीच्या नागाला दाखवावे आणि घरातल्या लेकरांना द्यावे. वारुळाची पूजा करावी, पण त्यात दूध ओतू नये. वारूळ बांधते ती वाळवी, साप केवळ त्यातला बिऱ्हाडकरू, आणि दुधाने त्या बिऱ्हाडात मुंग्यांखेरीज कोणी येत नाही. गारुड्याला मात्र हाकलून लावू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याचा धंदा बंद केला. त्याचे पोट बंद केलेले नाही. शिधा द्यावा, नागाचे दर्शन मागू नये.

असो. आता पाटावरून उठून परसात जाऊ.

परसात दिसणारा प्रत्येक साप विषारी नसतो; किंबहुना बहुतेक नसतात. महाराष्ट्रात ज्यांच्या दंशाने माणसे मरतात ते मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नाग फणा काढतो आणि फण्यावर दहाच्या आकड्यासारखी खूण असते, म्हणून तो ओळखू येतो. तथापि फणा काढल्यावाचून जाणारा नाग आणि धामण यांत भले भले फसतात. धामण बिनविषारी, उंदरांचा कर्दनकाळ. ती नागाची मादी आहे, ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, असल्या कथांपायी किती धामणी आपण मारल्या असतील त्याची गणती नाही. मण्यार काळसर निळी, अंगावर पांढरे बारीक पट्टे. रात्री हिंडते आणि जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. तिच्यासारखाच दिसणारा कवड्या निरुपद्रवी. घोणस जाड, तपकिरी, पाठीवर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या रांगा; डिवचली असता कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार टाकते. तिला अजगराचे पिल्लू समजून हाताने उचलणारे शूर आपल्याकडे निघतात. फुरसे तर हातभरही नसते. कोकणच्या कातळावर, दगडांखाली वेटोळे करून असते आणि अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करकर आवाज करते. नानेटी, दिवड, तस्कर, वाळा, मांडूळ हे आपल्या बागेत वर्षानुवर्षे राहतात आणि कोणाचे काही वाकडे करीत नाहीत. तथापि सामान्य गृहस्थाने पट्टे मोजण्याच्या भरीस पडू नये. जो ओळखता येत नाही तो विषारी समजून दूर राहावे, आणि विषारी समजला म्हणून मारू नये.

साप परसात येतो तो आपल्या भेटीस येत नाही, की कोणाचा सूड घ्यावयास येत नाही. सूड धरण्याइतकी त्याची स्मृती नाही. त्याला बाहेरून कान नाहीत; भुईचे कंप त्याला उत्तम कळतात आणि मोठ्या प्राण्याची चाहूल लागताच तो बहुधा आपण होऊन निघून जातो. तो येतो ते दोन कारणांनी: भक्ष्य आणि आसरा. ही दोन्ही आपणच त्याला पुरवितो. कोनाड्यात सांडलेले धान्य, कोंबड्यांना टाकलेले दाणे, परसात फेकलेले उष्टे यांवर उंदीर पोसतात. दारावरचा दिवा रात्रभर जळतो, त्यावर किडे येतात, किड्यांमागून बेडूक येतात, आणि बेडकांमागून जो येतो त्याला पाहून आपण ओरडतो. घर बांधून उरलेले चिरे, जुनी कौले, नारळाच्या झावळ्या, सरपण हे 'कधीतरी लागेल' म्हणून भिंतीला टेकवून ठेवलेले असते. सापाला याहून उबदार, कोरडे, निवांत घर कोठे मिळावयाचे? पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले की तो उंचवट्याला येतो, आणि आपला उंबरा हा उंचवटाच आहे.

यास्तव नागाला दूर ठेवण्याचे खरे काम वैशाखात करावयाचे असते. सरपण व कौले घरापासून दूर, भुईपासून हात-दीड हात उंच माचीवर रचावीत. ती काढताना आधी काठीने हलवावीत, मग हात घालावा. उघडा हात ढिगात घातल्याने झालेले दंश थोडे नाहीत. भिंतीला लागून गवत व रोपांची दाटी नसावी. घराभोवती दोन हात जागा स्वच्छ, उघडी राहिली की साप ती ओलांडण्यास कचरतो आणि ओलांडलाच तर दिसतो. न्हाणीच्या मोरीला बारीक जाळी बसवावी. दाराखालच्या फटीला पट्टी मारावी. भिंतीतली बिळे बुजवावीत, पण आत कोणी नाही याची खात्री करून. जिवंत सापाला भिंतीत चिणून घेणे हे दया म्हणूनही वाईट आणि शहाणपण म्हणूनही. धान्य झाकणाच्या पिंपात ठेवावे. कोंबड्यांचे खुराडे घरापासून लांब असावे. कोकणात परसाच्या कुंपणाला मासेमारीची जुनी जाळी लावण्याची चाल आहे. ती भुईला टेकली की धामण, नाग, घोणस तीत अडकून अंग कापून घेतात आणि तडफडून मरतात. जाळी वीतभर वर उचलून बांधावी. अडकलेला साप आपण सोडवू नये. चिडलेल्या सापाला मित्र-शत्रू कळत नाही.

फिनेल, रॉकेल, कार्बोलिक आम्ल शिंपडल्याने साप येत नाही असा समज सर्वत्र आहे, तसाच लसणाच्या वा अमुक झाडाच्या मुळीचा. त्यावर भरवसा ठेवणे धोक्याचे, कारण बाटली शिंपडली की माणूस सरपण हलवावयाचे विसरतो. सापाच्या अंगावर रॉकेल ओतणे हे तर क्रौर्य आहे. त्याची त्वचा भाजते आणि तो पळण्याऐवजी सैरावैरा घरातच शिरतो.

इतके करूनही एखादे दिवशी तो दिसेल. तेव्हा काय करावे? प्रथम मुलांना उचलून आत न्यावे, कुत्रे बांधावे. आपण स्वतः निदान सहा-सात फूट अंतर राखून थांबावे. नाग फणा काढतो तो भिवविण्यासाठी. त्याचे विष भक्ष्यासाठी आहे आणि माणूस हे त्याचे भक्ष्य नव्हे. त्याला मागे फिरावयास वाट मोकळी ठेवली तर बहुतेक वेळी तो पाच-दहा मिनिटांत निघून जातो. बागेतून तो कुंपणापलीकडे गेला, की प्रकरण संपले. घरात शिरला असेल तर त्या खोलीचे आतले दार लावून फटीला चादर कोंबावी, बाहेरचे दार उघडावे, आणि दुरून त्याच्यावर नजर ठेवीत वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर किंवा परिचित, प्रशिक्षित सर्पमित्राकडे दूरध्वनी करावा. नजर सोडू नये, कारण 'होता, पण आता कोठे गेला कळत नाही' याच्याइतकी वाईट रात्र नाही. काठ्या घेऊन गोळा झालेल्या जमावाने हे काम कधी सुधारलेले नाही. कोपऱ्यात कोंडलेला, अर्धमेला साप हाच सर्वांत घातक. मेला असे समजून त्याला हात लावणाऱ्यालाही तो डसतो. तुटलेले मुंडकेही काही काळ चावू शकते. मारावयास गेलेला माणूस हा नेमका दंशाच्या टप्प्यात गेलेला असतो, एवढा हिशेब यजमानांनी करावा.

सर्पमित्र हा शब्द मराठीने घडविला याचा आम्हांस अभिमान आहे. गेल्या काही दशकांत गावोगावच्या तरुणांनी, पुष्कळदा पदरमोड करून, अपरात्री धावून जाऊन हजारो साप आणि तितकीच घरे वाचविली आहेत. पण त्यांच्यातच नाग गळ्यात घालून, त्याचे चुंबन घेऊन मोबाईलवर चित्रफिती काढणारा एक वर्ग शिरला आहे, आणि त्यांतील काही जण त्यापायी प्राणास मुकले आहेत. यास धैर्य म्हणता येत नाही. जो सर्पमित्र आकडी व पिशवी वापरतो, लोकांना दूर करतो, सापाला हात लावू देत नाही, खेळ करीत नाही आणि वनखात्यास कळवितो, त्यालाच बोलवावे. पकडलेला साप फार दूर नेऊन सोडावा असा आग्रहही धरू नये. अनोळखी मुलखात त्याला बीळ ठाऊक नसते, भक्ष्य ठाऊक नसते. तो भटकत राहतो आणि बहुधा तगत नाही. जवळच्याच रानात, वस्तीपासून आडबाजूला सोडणे बरे. त्या जागी दुसरा साप येणार नाही असेही नव्हे. सरपण तेथेच असले तर येणारच.

कायद्याविषयी थोडक्यात. १९७२ च्या अधिनियमाने सापांना संरक्षण आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीने नाग, घोणस व धामण यांना पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीस बसविले आहे. स्वतःच्या वा दुसऱ्याच्या जीवरक्षणार्थ सद्भावनेने केलेल्या कृतीला कायदा अपराध मानीत नाही, हेही खरे. परंतु गडग्यात निजलेल्या नागाला उकरून काढून मारणे त्या सवलतीत बसावयाचे नाही.

दंशाविषयी मात्र थोडक्यात उरकून चालणार नाही, कारण अनेक जीव विषाइतकेच विलंबाने जातात. दंश झाला की घरातले कर्ते माणूस मांत्रिकाकडे धावते. मांत्रिकाचे रुग्ण बरे होतात हेही लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. ते बरे होतात, कारण पुष्कळ साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही कधी कधी विष न सोडता नुसता दात लावतो. ज्याच्या अंगात खरोखर विष गेले आहे, त्याची मात्र मंत्राच्या आवर्तनांत मोलाची वेळ जाते. कडुलिंबाचा पाला कडू लागतो की गोड याची परीक्षा, जखमेला कोंबडी लावणे, जागा कापणे, तोंडाने रक्त ओढणे, दोरीने करकचून बांधणे, हे सर्व सोडून द्यावे. घट्ट बांधल्याने हात-पाय गमावण्याची वेळ येते. रुग्णाला धीर द्यावा, चालू-पळू देऊ नये. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण काढून घ्यावीत, कारण सूज येते. मोडलेल्या हाताला बांधतात तसा तो अवयव फळीच्या आधाराने सैल बांधावा, दंशाची वेळ लक्षात ठेवावी आणि १०८ ची रुग्णवाहिका वा मिळेल ते वाहन करून थेट रुग्णालय गाठावे. सापाला मारून बरोबर न्यावयाचे कारण नाही. आपल्याकडची प्रतिविष लस वरील चारही सापांवर एकच आहे. घोड्यांच्या रक्तातून ती तयार होते, आणि सुरुवातीलाच तिच्या आठ-दहा कुप्या द्याव्या लागतात. रक्त स्वच्छ काचेच्या नळीत वीस मिनिटे ठेवून ते गोठते की नाही यावरून डॉक्टरांना घोणस-फुरशाच्या विषाचा अंदाज येतो. पापण्या जड होऊन मिटू लागल्या, बोलणे-गिळणे जड झाले की नाग-मण्यारीचा. पावसाळ्यातल्या पहाटे कोणी पोट फार दुखते म्हणून उठला आणि त्याच्या पापण्या उघडेनाशा झाल्या, तर दंशाची खूण नसली तरी थांबू नये; ती मण्यार असते. म्हणूनच जमिनीवर निजू नये, निजणे भाग असेल तर मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचून निजावे. एवढ्या साध्या कापडाने वाचणारे जीव आपल्या देशात पुष्कळ आहेत.

केंद्र शासनाने २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा कृती आराखडा २०२४ साली जाहीर केला. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्यासारख्यांनी कोकणातील विंचू व सर्पदंशाच्या रुग्णांसाठी आपले आयुष्य वेचले. पण आराखडा आणि डॉक्टर यांच्या अलीकडे, आपल्या उंबऱ्यापासून रुग्णालयापर्यंतचा रस्ता असतो. जवळच्या कोणत्या रुग्णालयात लस आहे, हे दंश झाल्यावर शोधावयाचे नसते. आज पूजा आटोपल्यावर घरातील कोणी तेथे विचारून यावे, आणि तो क्रमांक दिनदर्शिकेच्या शेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

त्या भगिनीला आम्ही ज्येष्ठातच उत्तर पाठविले. सासूबाईंना लिहिले की राखणदार मानता, तर त्याची जागा त्याला आणि मुलाची जागा मुलाला नेमून द्या. कालियालाही जागा बदलावी लागली होती. यजमानांना लिहिले की निकाल लावावयाचाच असेल तर तो नागाचा न लावता भिंतीला टेकलेल्या सरपणाचा लावा. मुलाला काय शिकवावे, तेही लिहिले: काही दिसले की दगड उचलावयाचा नाही, हात लावावयाचा नाही, एक-एक पाऊल मागे यावयाचे आणि आईला हाक मारावयाची. चार वर्षांच्या मुलाला हे कळते, आणि त्याहूनही अधिक, वडिलांच्या हातात काठी आहे की विजेरी, हे त्याला दिसते.

मागल्या आठवड्यात तिचे दुसरे पत्र आले. सरपण हलविले तेव्हा त्याखाली उंदरांची दोन घरटी निघाली. गडग्यापासून घरापर्यंतची जागा यजमानांनी स्वतः साफ केली आणि खळ्याच्या कडेला मुलाच्या खेळण्यापुरते बांबूचे दाट कुंपण घातले. आषाढाच्या शेवटी नाग पुन्हा एकदा दिसला, गडग्यावरून पलीकडच्या बागेत उतरताना. सासूबाईंनी हात जोडले, यजमान उभे राहिले, कोणी ओरडले नाही. तेव्हापासून दिसलेला नाही. 'पण गडगा आहे तेथेच आहे,' ती लिहिते, 'आणि रात्री विजेरी घेतल्याशिवाय आम्ही कोणी खळ्यात उतरत नाही.'